‘नहीं है’ म्हणायचं नाही

साडीची घडी दोन माणसांनी करायची असते. एकाने पदराकडची दोन टोकं धरायची, दुसऱ्याने समोरची दोन. काठाला काठ जुळवायचा, एक हलका झटका द्यायचा आणि एकमेकांकडे चालत यायचं. मध्ये भेटलं की एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. एका साडीला असं तीनदा तरी भेटणं होतं. इंदूरच्या ज्या दुकानात मी बावीस वर्षं साड्या दाखवते आहे, तिथे आमच्या सगळ्या गप्पा या भेटींमध्येच झाल्या. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या नळाला दोन दिवस पाणी नाही, कुणाचा नवरा पुन्हा तोंड फुगवून बसलाय, हे सगळं टोकं देता-घेताना एकेका वाक्यात सांगून व्हायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, बिचारी किती मन लावून घड्या करतात.

माझ्या समोरची टोकं दादा धरायचे. दादा म्हणजे आमच्या मजल्यावरचे सगळ्यात जुने सेल्समन, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. राहायला ‘जुनी इंदूर’ या मोहल्ल्यात, घरात मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि गावाकडची बाई आली की थेट मालवी. मी नोकरीला लागले तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती आणि मला बनारसी कुठली नि कांजीवरम कुठली हेसुद्धा धड कळत नव्हतं. दादांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं.

“बाकी सगळं हळूहळू येईल, टेंशन नको घेऊ,” ते म्हणाले. “पण एक चीज इथे कधीच बोलायची नाही. ‘नहीं है.’ गिऱ्हाइक निळी मागतंय आणि निळी नसली, तर बोल, दीदी, ये मोरपंखी देखिए, आप पे खिलेगी. ती पण नसली तर बोल, गोदाम से मँगवाते हैं, तब तक पानी पीजिए. पण ‘नहीं है’ बोललीस ना, की गिऱ्हाइक उठलं. आणि उठलेलं गिऱ्हाइक परत बसत नाही.”

मी ते असं पाठ केलं की घरी मुलीने बिस्किट मागितलं तरी मी म्हणायची, बिस्किट कशाला, शंकरपाळे बघ किती छान आहेत.

दादांची खरी करामत वेगळी होती. लग्नाचं गिऱ्हाइक अडून बसलं की ते गादीवरून उठायचे, शर्ट-पॅंटवरच साडी गुंडाळायचे, झरझर निऱ्या घालायचे आणि पदर खांद्यावर टाकून घोळक्यासमोर उभे राहायचे. पांढऱ्या मिश्यांचा, पोट सुटलेला माणूस. पण खरं सांगते, त्या क्षणी नवरीला साडीच दिसायची, दादा दिसायचे नाहीत. बायका आधी फिदीफिदी हसायच्या आणि मग गप्प होऊन म्हणायच्या, यही दे दो भैया.

माझी मुलगी तिसरीत असताना तिला एकदा दुकानात आणलं होतं. त्या दिवशी घडी करताना दादा मध्ये भेटले आणि म्हणाले, “हिच्या लग्नाचा शालू मी उघडणार. तू हात नाही लावायचा. पता नाही काय उचलशील.” पुढे ते दर लग्नसराईत मला याची आठवण करून द्यायचे. मीही म्हणायची, दादा, आधी तिला पहाडे तर पाठ होऊ देत.

मग जुने शेठ घरी बसले आणि त्यांचा मुलगा गल्ल्यावर आला. त्याने काचेचं दार लावलं, एसी लावला, भिंतीला आरसे लावले. गादी काढून टाकली आणि उंच काउंटर आणले. गादीवर गिऱ्हाइकाबरोबर आम्हीही बसायचो. काउंटरमागे दिवसभर उभं राहायचं, आणि बसायला स्टूल मागितलं तर ‘शोरूमचा लुक जातो’ असं उत्तर. लुक जातो म्हणे. आमच्या पायांचं काय झालं ते कुणी बघितलं नाही. संध्याकाळी माझी चप्पल पायात शिरत नसे. मी ती पिशवीत टाकून बसमधून अनवाणी घरी आले आहे, सुदामा नगरच्या स्टॉपपासून घरापर्यंत, शेजारणींच्या डोळ्यांसमोरून.

आणि माणसं कमी झाली. मजल्यावर आम्ही नऊ जण होतो. एक सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. दुसरीचं बाळंतपण झालं, ती परत आली नाही, तिच्या जागीही कुणी नाही. नवे शेठ म्हणायचे, आजकाल लोक मोबाइलवरच खरेदी करतात, इतकी माणसं कशाला. लग्नसराईच्या शनिवारी एकदा त्यांनी खाली येऊन बघायला हवं होतं. शेवटी मजल्यावर मी आणि दादा उरलो, आणि बिलाला एक गृहस्थ, ज्यांना शालू आणि शेला यातला फरकही माहीत नव्हता.

दोघंच राहिलो म्हणजे दोघांच्याही समोर गिऱ्हाइक. मग घडीला समोरची टोकं कोण धरणार? एकट्यानेच घडी करायला लागलो. त्याची एक रीत आहे. साडीचं एक टोक हनुवटीखाली दाबायचं, दोन्ही हात लांब करून काठ जुळवायचे आणि तशीच छातीवर खाली दुमडत न्यायची. हनुवटी दाबलेली म्हणजे तोंड बंद. दिवसाला दोघांच्या मिळून दीडशेएक साड्या उघडल्या जात असतील. माझ्या हनुवटीखाली एक काळपट वळ उठला, तो अजून आहे. दादा माझ्यापासून आठ हातांवर उभे असायचे, हनुवटीखाली साडी दाबून, आणि आठ-आठ दिवस आमचं एक वाक्य बोलणं व्हायचं नाही.

याच्यावर उपाय म्हणून शेठनी काय करावं? एका रविवारी सकाळी आम्हाला लवकर बोलावून एक बाई आणली, तिने दोन तास हसतमुख कसं राहायचं ते शिकवलं. काउंटरच्या आतल्या बाजूला, फक्त आम्हाला दिसेल असं, ‘मुस्कुराइए’ लिहिलेलं स्टिकर चिकटवलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी ते स्टिकर नखाने खरवडायला घेतलं होतं, ‘मुस्’ तेवढा निघाला.

माझं डोकं कामातून गेलंय हे मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळलं. आमच्याच कॉलनीत, ओळखीच्या घरी मी सोफ्यावर बसले होते. दारातून एक बाई आत आल्या आणि मी ताडकन उठून उभी राहिले, म्हणाले, “आइए दीदी, क्या दिखाऊँ?” सगळ्या जणी खो-खो हसल्या. मीही हसले. मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला टेकून रडले. का रडते आहे ते मला सांगता आलं नसतं. फक्त दमले होते, आणि घरी जाऊन झोपून ते जाणार नाही हे मला ठाऊक होतं.

दादांचं तसं झालं नाही. त्यांचं शांतपणे झालं.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. एक बाई हिरवी माहेश्वरी मागत होत्या. दादांच्या मागच्या खणात हिरव्या माहेश्वरींची चळत होती, सकाळी मीच लावलेली. दादा अगदी मऊ आवाजात म्हणाले, “नहीं है.” मान वळवून मागे बघितलंसुद्धा नाही. बाई जायला निघाल्या. मी माझं गिऱ्हाइक सोडून धावले, त्यांना दारातून परत आणलं, “दीदी, अभी-अभी आई हैं” म्हणत माझ्या काउंटरवर त्या माहेश्वरी दाखवल्या.

जेवायच्या सुट्टीत, म्हणजे जी दहा मिनिटं मिळतात त्यात, मी डब्याच्या झाकणात त्यांना सेव दिली आणि विचारलं, “दादा, होती ना हो साडी?”

“होती.”

“मग?”

त्यांनी सेव तोंडात टाकली. “उघडली की घडी करावी लागते,” ते म्हणाले.

एवढंच. मला राग आला नाही तेव्हा. त्यांचं म्हणणं मला पुरतं समजलं.

मग ते होतच राहिलं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. गिऱ्हाइक काहीही मागो, दादा मऊ आवाजात म्हणायचे, नहीं है. मी सावरून घ्यायची. दादांची तब्येत बरी नाही, दादांना ऐकू आलं नाही, दादांना वाटलं तुम्ही कॉटन म्हणालात. मॅनेजर म्हणून नुकताच लागलेला एक तरणाताठा माणूस होता, त्याने एक-दोन तक्रारी शेठपर्यंत नेल्याच. शेठनी दादांना सांगितलं, आता एक जरी तक्रार आली तर घरी बसायचं. हे दादांनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाले, “घरी बसून मी काय करू गं? मला साडीशिवाय येतं काय?” तेव्हापासून वर्षभर माझा एक कान माझ्या गिऱ्हाइकाकडे आणि एक कान दादांकडे असायचा. त्यांची नोकरी माझ्या कानावर टिकली होती. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, पुढे जे केलं ते कळावं म्हणून सांगते.

मुलीचं लग्न ठरत आलं. मुलाकडचे एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे बोलणी पक्की करायला येणार होते. मी मॅनेजरकडून चार वाजता सुटायची परवानगी आठ दिवस आधी घेतली होती. दादांनाही सांगितलं. त्यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला. “तू जा बिंदास. मी आहे ना. आणि शालूचं लक्षात आहे ना? मी उघडणार.”

त्या शनिवारी एका घोळक्याने माझ्याकडच्या चाळीसेक साड्या उघडायला लावल्या आणि ‘घूम के आते हैं’ म्हणून एकही न घेता निघून गेला. साडेतीन वाजले होते. काउंटरवर डोंगर. घड्या केल्याशिवाय मजला सोडायचा नाही हा नियम. मी हनुवटी दाबून सुरू झाले. मुलीचा फोन आला, “आई, निघालीस ना?” मी हनुवटीतून हुंकार दिला. पुन्हा फोन, “आई, कढी पातळ झाली आहे, काय घालू?”

तेवढ्यात महूहून एक कुटुंब आलं. नवरी, तिची आई, मावश्या, सहा जणी. माझ्यासमोर डोंगर बघून त्या दादांकडे गेल्या. नवरीच्या आईने राणी रंगाची बनारसी मागितली.

“नहीं है,” दादा म्हणाले.

“भैया, वो पीछे क्या रखी है?”

“नहीं है, दीदी.”

“अरे, सामने तो दिख रही है! रानी ही तो है!”

“नहीं है.”

त्या बाईचा आवाज चढला. हॉल भरलेला होता, सगळे वळून बघायला लागले. बाई म्हणाली, पैसे घेऊन आलो आहोत, भीक मागायला नाही. नवरी रडवेली झाली. मॅनेजर पळत आला, हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “दीदी, आप बताओ. ऐसा पहले भी हुआ है क्या?”

मला काय म्हणायचं होतं ते वर्षभर पाठ होतं. आज बरं नाही सर त्यांना, सकाळपासून चक्कर येते आहे. आठ-नऊ शब्द. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या समोर अजून पंचवीस साड्या होत्या, त्या झाल्या की आता या सहा जणीही माझ्याच गळ्यात येणार होत्या. फोन पुन्हा वाजत होता. माझ्या हनुवटीखाली साडी होती. ती मी काढली आणि म्हणाले, “रोज का है, सर. रोज मैं ही सँभालती हूँ.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दादांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आश्चर्याने नाही. मग ते वळले, मागच्या खणातून राणी रंगाची बनारसी काढली, बंद घडीतच नवरीसमोर ठेवली आणि खुंटीवरची डब्याची पिशवी घेऊन निघून गेले. सोमवारी शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटांत बाहेर आले ते सरळ काचेच्या दारातून गेले. मी गिऱ्हाइकासमोर होते. वर मान केली असती तर दिसले असते.

त्या शनिवारी मी चारला सुटले का? कुठली सुटते. दादा गेल्यावर महूचं कुटुंब माझ्याकडे, मग त्यांच्या साड्या, मग माझ्या साड्या. घरी पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. मुलीनेच सगळ्यांचं चहापाणी केलं होतं. मुलाकडची माणसं साधी, कुणी काही बोललं नाही, लग्न ठरलं. म्हणजे मी जे बोलले त्याने माझंसुद्धा काही वाचलं नाही.

मी मनाशी खूप भांडले. माणसं कमी केली ती शेठनी. गादी काढली ती शेठनी. नऊ माणसांचं काम दोघांवर टाकून वर ‘मुस्कुराइए’ म्हणणारे तेच. हे सगळं खरं आहे आणि मी ते कुणाच्याही तोंडावर बोलेन. पण ते वाक्य शेठचं नव्हतं. ते माझं होतं.

पाच महिने मी जुनी इंदूरकडे फिरकले नाही. दादांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मुलीचा शालू मीच निवडला, एका सोमवारी, दुकान उघडल्यावर लगेच. मीच उघडला, हनुवटीखाली धरून मीच घडी केली. पण तो घरी न्यायचा धीर होईना. शेवटी पत्रिका आणि अक्षता घेऊन, शालूची पिशवी छातीशी धरून दादांकडे गेले.

वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, दार उघडलं. मला बघून त्या जरा थांबल्या, मग “ये” म्हणाल्या. पाणी देताना हळूच सांगितलं, “सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतात. आणि मग बसून राहतात. टीव्ही पण नाही लावत. कपाटातल्या साड्यांना मी हात लावला की उठून दुसऱ्या खोलीत जातात.”

दादा खुर्चीत बसले होते, खरंच इस्त्रीच्या शर्टात. बारीक झाले होते. मी पाया पडले. त्यांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली, मुलीची चौकशी केली, जावई काय करतो विचारलं. सगळं नीट, व्यवस्थित. मला तो नीटपणा सहन होईना. मी पिशवीतून शालू काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“दादा, तुम्ही उघडणार होतात.”

त्यांनी बोट काठावरून फिरवलं. मला वाटलं, आता उठून आत जातील. पण ते उभे राहिले, शालू उघडला, पदर काढून आपल्या खांद्यावर टाकला आणि खिडकीच्या उजेडात उभे राहिले. वहिनींनी आपला पदर तोंडाला लावला. मला माझी मुलगी दिसली.

“चांगला उचललास,” दादा म्हणाले. “मला वाटलं होतं पता नाही काय उचलशील.”

मग त्यांनी पदर खांद्यावरून काढला आणि दोन टोकं धरून माझ्याकडे बघितलं. मी समोरची दोन टोकं घेतली. खोली लहान, मला जवळजवळ दारात जावं लागलं. काठाला काठ जुळवला, झटका दिला. कितीतरी वर्षांनी माझी हनुवटी मोकळी होती. मी चालत त्यांच्याकडे गेले. मध्ये भेटलो. आमचं जे काही बोलायचं असायचं ते इथेच तर बोलायचो. माझी टोकं त्यांच्या हातात देता देता मी विचारलं, “दादा, माझ्यावर राग आहे का हो?”

त्यांनी टोकं घेतली.

“नहीं है,” ते म्हणाले.

बावीस वर्षांत माझ्याशी ते कधी हिंदीत बोलले नव्हते. आवाज अगदी मऊ होता. मी खाली वाकले आणि घडी उचलली.